सोलापुरात ज्येष्ठांचा व्यायामगट कसा चालवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्लीत, सोसायटीत, मंदिराच्या सभामंडपात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात साठीच्या पुढच्या माणसांना एकत्र करून व्यायाम सुरू करायचा आहे, अशांसाठी ही माहिती आहे. घरच्या आई-वडिलांना हलतं ठेवण्यासाठी धडपडणाऱ्या लेकी-सुनांनाही ती उपयोगी पडेल.

आमची आई दिवसभर घरात राबते. तिला वेगळा व्यायाम कशाला?

घरकाम मोजायचंच असतं. झाडणं, पाणी भरणं, जिना चढणं-उतरणं ही सगळी हालचालच आहे आणि जी करते तिला तिचा फायदा मिळतोच. अडचण एवढीच की घरकामात तेच ते स्नायू वापरले जातात. हात आणि कंबर दमते, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना पुरेसं काम मिळत नाही. आई स्वयंपाक दोन तास उभं राहून करते, पण जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घेते, असं दिसत असेल तर तिला व्यायामाची गरज आहे.

आठवड्याला किती व्यायाम करावा?

६५ वर्षांवरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण असं : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद एकत्र साधणारे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एका दमात करायची गरज नाही, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

मध्यम दम म्हणजे किती, याला घड्याळ लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण अभंग सलग म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दही धापा टाकत येत असतील तर कमी करा.

जे आज काहीच करत नाहीत त्यांना हा १५० चा आकडा पहिल्याच दिवशी सांगू नका. ऐकूनच घरी बसतील. पाच मिनिटांपासून सुरुवात झाली तरी ती शून्यापेक्षा चांगलीच.

मी रोज तलावाला फेरी मारतो. तेवढं पुरेसं नाही का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला आणि मनाला चांगलं आहे, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर सावकाश चालून पायांची ताकद फारशी वाढत नाही, आणि म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो मुख्यतः पायांमुळेच. संडासातून उठता न येणं, रिक्षात चढता न येणं, बाथरूमच्या उंबऱ्यावर तोल जाणं आणि खुब्याचं हाड मोडणं या गोष्टी घराबाहेरचं आयुष्य एका झटक्यात संपवतात. रोज तीन किलोमीटर चालणारी माणसंही हात न टेकता खुर्चीतून उठू शकत नाहीत, असं पुष्कळदा आढळतं.

म्हणून गटाच्या वेळेतला निम्मा भाग ताकद आणि तोल यांना द्या. चालणं माणसं आपापलं करतात, हे दोन प्रकार एकट्याने कुणी करत नाही.

सुरू करण्याआधी सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

सगळ्यांनी नाही. सावकाश चालणं आणि बसून केलेले हलके व्यायाम बहुतेकांना विनातपासणी सुरू करता येतात. मात्र पुढीलपैकी काही असेल तर आधी दाखवा : चालताना छातीत दडपण किंवा दुखणं, विश्रांतीतही दम लागणं, गेल्या काही महिन्यांत आलेली चक्कर किंवा शुद्ध हरपणं, नुकता झालेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, ऑपरेशन, पायावर न भरलेली जखम, विश्रांतीत मोजलेला रक्तदाब १८०/११० च्या वर. ‘तपासून येतो’ म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, हेही खरं आहे. त्यामुळे ज्यांना गरज नाही त्यांना उगाच पाठवू नका.

पहिल्या दिवशी कोण किती तयारीचा आहे हे कसं ओळखायचं?

तीन सोप्या चाचण्या पुरतात. माणशी दहा मिनिटं लागतात आणि एक वही हवी.

पहिली, उठाबशीची. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा जमतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि बायकांना ११ पेक्षा कमी जमलं, तर ताकद कमी समजावी. ७० ते ७४ मध्ये हे आकडे १२ आणि १०, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. हाताने रेटा द्यावा लागला तर गुण शून्य. तसं वहीत लिहा, पण चारचौघांत जाहीर करू नका.

दुसरी, उठून चालण्याची. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. ‘चला’ म्हटल्यावर उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. काठी असेल तर काठी घेऊनच करू द्या. वळताना माणूस लटपटतो का, पाय घासत टाकतो का, याकडे लक्ष ठेवा. सेकंदांपेक्षा तेच जास्त सांगून जातं.

तिसरी, तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून, १० सेकंद उभं राहता येतं का? नसेल तर त्या माणसाला तोलाचे व्यायाम आधाराशिवाय देऊ नका. ही चाचणी घेताना कुणीतरी अगदी शेजारी उभं असलं पाहिजे.

तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. आठवरून अकरावर गेलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की माणूस व्यायाम सोडत नाही.

खुर्चीतून उठण्याचा व्यायाम नेमका कसा करायचा?

एकच व्यायाम शिकवायचा झाला तर हाच शिकवा.

खुर्ची लोखंडी किंवा लाकडी घ्या, बसायची उंची साधारण दीड फूट. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि जुनी असेल तर तिचे पाय फाकतात. दुसरं काही नसेल तर ती भिंतीला पक्की टेकवा. बैठकीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता नाक पावलांच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि टाचा दाबत उठा. वर जाताना दोन आकडे, खाली येताना तीन. आठ ते दहा वेळा करा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा तेवढंच. एक दिवसाआड.

चुका ठरलेल्या असतात. पाय फार पुढे ठेवले की उठताच येत नाही आणि माणसाला वाटतं, आपल्यात ताकदच नाही. पाय मागे घ्यायला सांगितलं की तोच माणूस उठतो. दुसरी चूक म्हणजे शेवटी धप्पकन बसणं. त्याने मणक्याला दणका बसतो आणि व्यायामाचा निम्मा फायदा जातो, कारण स्नायू खाली येताना सावकाश सोडण्यातच खरं काम करतो. तिसरी, उठताना गुडघे एकमेकांकडे झुकणं. चौथी, श्वास रोखणं. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. उपाय सोपा आहे : आकडे मोठ्याने मोजायला लावा, बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

सुरुवातीला हात मांडीवर टेकू द्या किंवा खुर्चीवर जाड चादरीची घडी ठेवून बैठक उंच करा. आपली सोलापुरी चादर चौघडी घालून ठेवली की दोन-तीन इंच उंची मिळते. जमू लागलं की घडी काढा, मग हात छातीवर, मग छातीशी पाण्याची एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो वजन.

बाकी कोणते व्यायाम घ्यावेत?

चाळीस मिनिटांचा वर्ग धरा. आठ मिनिटं अंग मोकळं करणं : जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, घोटे फिरवणं. पंधरा मिनिटं ताकद : वरची उठबस, भिंतीला हात टेकून दंड, भिंत किंवा कठडा धरून टाचा उचलणं, एकेक पाय बाजूला नेणं. दहा मिनिटं तोल. शेवटी पाच-सात मिनिटं ताण देणं आणि शांत श्वास.

तोलाचे प्रकार पायरीपायरीने वाढवा. आधी पावलं जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग दोन्ही एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक स्थिती दहा सेकंद. पुढची पायरी तेव्हाच, जेव्हा आधीची आधाराविना जमते. आधार भक्कम हवा : भिंत, कठडा, घरी असाल तर स्वयंपाकघराचा ओटा. खुर्ची ढकलली जाते, टेबल उलटतं. डोळे मिटून करायचे प्रकार गटात घेऊ नका.

योगासनं येणारे गुरुजी मिळाले तर उत्तमच, पण शीर्षासन, सर्वांगासन आणि झटक्याने पुढे वाकणं या वयात टाळा. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना पाठ गोल करून पायाचे अंगठे धरायला लावल्याने मणक्याचं हाड दबू शकतं.

गुडघे दुखतात. व्यायामाने झिजणार नाहीत का?

नाही. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचा स्नायू मजबूत करणं हाच मुख्य उपचारांपैकी एक आहे. स्नायू ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो. सुरुवात पलंगावरच करा : पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुंडाळी दाबायची, पाच आकडे धरायची, सोडायची, दहा वेळा. मग एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा.

थोडी ठणक चालते. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी निम्मं करा. सूज, लाली, सांधा गरम लागणं असेल तर थांबा आणि दाखवा. सांधा बदललेल्यांनी मांडी घालून बसण्याचा हट्ट धरू नये.

साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. काय सांभाळावं?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी एखादं केळं किंवा अर्धी भाकरी खावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं, अचानक चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. गटाच्या पिशवीत साखरेची डबी कायम असली पाहिजे. एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे या दिवशी उपवास असणाऱ्यांना बसून हलके प्रकारच द्या.

पायांची बधिरता आलेल्यांनी चप्पल घालून चालू नये. मोजे आणि बंद बूट घालावेत आणि घरी गेल्यावर तळवे उजेडात पाहावेत, दिसत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावं. टोचलेला खडा त्यांना कळत नाही आणि आठवड्याने जखम चिघळलेली सापडते.

बीपीच्या काही गोळ्यांमुळे कितीही चाललं तरी नाडी फार वाढत नाही. अशांनी घड्याळातले ठोके पाहू नयेत, बोलण्याची कसोटीच वापरावी. खाली बसून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर जमिनीवरचे व्यायाम बंद ठेवा आणि डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात गट चालू ठेवावा का?

ठेवावा, वेळ बदलून. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. वय वाढलं की घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते, त्यामुळे शरीर तापल्याचं माणसाला स्वतःला कळत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका अधिक. मार्चअखेरपासून वर्ग सकाळी सहाला घ्या, सातपर्यंत संपवा. संध्याकाळी सिमेंटचे रस्ते आणि भिंती आत साठलेली आग ओकत असतात, त्यामुळे सात वाजण्याआधी बाहेर चालू नये.

येण्याआधी एक पेला पाणी, मध्ये चार घोट, घरी जाऊन पुन्हा एक पेला. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलं जातं त्यांनी डॉक्टरांचं प्रमाण पाळावं. कुणी बडबडू लागला, पावलं अडखळली, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

वर्ग कुठे घ्यावा?

हुतात्मा बाग, कंबर तलावाचा परिसर, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, पार्क मैदान ही फिरायला येणाऱ्यांची ठरलेली ठिकाणं आहेत. पण ज्यांना व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे ते आजी-आजोबा तिथपर्यंत पोचतच नाहीत. रिक्षाचे पैसे, रस्त्यातले खड्डे आणि कुत्री, यातच ते अडकतात. म्हणून घरापासून पाच-सात मिनिटांत चालत येता येईल अशी जागा शोधा, मग ती कमी देखणी असली तरी चालेल : देवळाचा मंडप, समाजाचं कार्यालय, शाळेची पडवी, अपार्टमेंटचं पार्किंग.

जागा पाहताना चार गोष्टी तपासा. टेकायला भिंत किंवा कठडा आहे का. स्वच्छतागृह आहे का, ते उघडं असतं का (याशिवाय बायका येत नाहीत, आणि कारण सांगतही नाहीत). सावली आहे का. फरशी कोरडी राहते का. शहाबादी फरशी वापराने गुळगुळीत झालेली असते आणि पुसल्यावर ती निसरडी होते. झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी भेटून, पुसणं वर्गानंतर ठेवायला सांगा. फरशीवर चादर किंवा सतरंजी अंथरून उभ्याचे व्यायाम घेऊ नका, ती पायाखालून सरकते.

बायका यायला का कचरतात?

बऱ्याचदा कारण वेळेचं असतं. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरातली कुठलीच बाई बाहेर पडत नाही. आपल्या भागाचा पाण्याचा दिवस पाहूनच सुट्टी ठरवा. नातवंडांना शाळेत सोडायची वेळही विचारा. शहराच्या पूर्व भागात सकाळऐवजी दुपारी चारचा वर्ग घरातल्या घरात, पंख्याखाली घेतलेला जास्त चालू शकतो.

विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसतात. त्यांची मान, पाठ आणि खुबे आखडलेले असतात. त्यांना आधी खांदे मागे नेणं, हनुवटी आत घेणं, पाय लांब करून घोटे हलवणं द्या. दर अर्ध्या तासाला सूप बाजूला ठेवून दोन मिनिटं उभं राहणं हे त्यांच्यासाठी वर्गाइतकंच मोलाचं आहे.

साडीत पाय बाजूला नेता येत नाही, हेही आड येतं. कपड्यांची सक्ती करू नका. निऱ्या थोड्या वर खोचल्या की उठबस आणि टाचा उचलणं निर्धोक होतं.

गटात तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारे आहेत. सूचना कशा द्याव्यात?

आकडे त्यांच्या भाषेत मोजा. एक दिवस ‘ओकटि, रेंडु, मूडु’, दुसऱ्या दिवशी ‘ओंदु, एरडु, मूरु’. आणि मोजायचं काम गटातल्याच अम्मांना किंवा अण्णांना द्या. ज्याच्याकडे मोजणी आहे तो गैरहजर राहत नाही.

यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या पुरुषांना अनेकदा ऐकू कमी येतं. खटखटाटात कान गेलेले असतात आणि ते विचारायला लाजतात. त्यांना पुढच्या रांगेत, शिकवणाऱ्यासमोर उभं करा. पाठ फिरवून सूचना देऊ नका, प्रत्येक प्रकार आधी करून दाखवा, थांबायची खूण हाताने करा.

सुरुवातीला तीस जण येतात, महिन्याभरात सात उरतात. काय चुकतं?

पहिल्या आठवड्यात जास्त करवून घेतलं जातं, हे सर्वांत मोठं कारण. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, घरचे म्हणतात ‘या वयात कशाला?’, आणि माणूस बसतो. पहिले दोन आठवडे वर्ग वीस मिनिटांत संपवा. लोकांना आणखी करावंसं वाटत असतानाच थांबा.

दुसरं कारण म्हणजे गैरहजेरीची कुणी दखल घेत नाही. पाच-सहा जणांची एक साखळी करा. दोन दिवस कुणी दिसलं नाही तर साखळीतल्याने घरी डोकवायचं, ‘काय ओ आजी, दिसला नाहीत?’ एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाने हे काम होत नाही, आणि अनेकांचा फोन मुलाकडे असतो. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी तर ही चौकशी व्यायामाइतकीच महत्त्वाची आहे.

तिसरं : एकाच माणसावर सगळा वर्ग उभा असतो. तो लेकीकडे पुण्याला गेला की कुलूप. पहिल्या महिन्यातच दोन बदली माणसं तयार करा.

वर्गानंतर दहा मिनिटं चहा आणि गप्पा असू द्या, पण बाकरवडी-भजी नकोत. पुष्कळ जण खरं तर त्या दहा मिनिटांसाठीच येतात, आणि त्यात काही वावगं नाही.

खर्च किती, शिकवायला कोण?

खर्च जवळपास नाही. खुर्च्या, खडू, घड्याळ, वही, साखरेची डबी, पाण्याच्या बाटल्या. पायाला बांधायला वजन हवं असेल तर जुन्या कापडाची लांबट पिशवी शिवून अर्धा किलो वाळू भरा. सुरुवातीला एखाद्या फिजिओथेरपिस्टला दोन-तीन वेळा बोलावून व्यायाम पाहून घ्या. नंतर गटातलाच धीराचा माणूस चालवू शकतो. पंधरा जणांमागे एक शिकवणारा आणि नुसतं लक्ष ठेवणारा एक, यापेक्षा कमी नको. खेड्यात आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि आशाताईंकडे विचारा. ज्येष्ठांसाठीच्या इतर अडचणींना १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

व्यायाम सुरू केल्यावर खाण्यात काय बदल करावा?

ताकद वाढायला प्रथिनं लागतात. ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी ही सुरुवात चांगली आहे, पण दात नसल्याने पुष्कळ जण नुसत्या आमटीत भाकरी कुस्करून खातात. जोडीला घट्ट वरण, दही, अंडं, मटकी-मुगाची उसळ रोज असावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आषाढीला पायी जायचं आहे. तयारी कशी करू?

सोलापूर ते पंढरपूर साधारण ७५ किलोमीटर. दिंडीत रोज १५-२० किलोमीटर पडतात, तेही सलग काही दिवस. तयारी बारा आठवडे आधी सुरू करा. आज जेवढं आरामात चालता तेवढ्यावर दर आठवड्याला दहा टक्के वाढवा, त्याहून जास्त नको. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा लागोपाठच्या दिवशी चालून बघा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी उठण्याची असते. उठबस आणि टाचा उचलणं चालूच ठेवा.

नवे बूट वारीत घालू नका, किमान महिनाभर वापरून मऊ झालेले घ्या. दोन जोड मोजे, फोडांसाठी चिकटपट्टी, नेहमीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या, आणि आजार, गोळ्या व घरचा फोन लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. बायकांनी तो कनवटीला किंवा ब्लाउजमध्ये ठेवावा. पिशवी दिंडीच्या गाडीत टाकली जाते आणि ऐन वेळी हाताशी नसते.